अहवालाचे स्मारक

जमशेदपूर पाहावयास आलेल्या पाहुण्याला तेथील यजमान बहुधा प्रथम जुबिली पार्कात नेतात. १ मार्च १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते खुले झालेले ते विस्तीर्ण उद्यान, त्यातील गुलाबांचे ताटवे आणि जमशेटजी टाटांचा पुतळा पाहून मनुष्य प्रसन्न होतो आणि गाव पाहून झाले असे समजून परततो. गेल्या मे महिन्यात कचेरीच्या कामानिमित्त मी तेथे पाच दिवस होतो. मध्ये एक रविवार आला. माझे यजमान मूळचे नागपूरकर; कारखान्यात नोकरीस असून आता तेथेच स्थायिक झालेले. त्यांनीही मला रीतीप्रमाणे उद्यान दाखविले. परतताना मी त्यांना म्हटले, "मला आणखी एक पुतळा पाहावयाचा आहे. प्रमथनाथ बोसांचा."

ते क्षणभर थांबले. "अहो, तो पाहावयास बाहेरगावचे कोणी येत नाही," ते म्हणाले. "बारा मे आली की हार पडतात. पण चला, वाटेतच आहे म्हणा ना."

हा पुतळा आर्मरी ग्राउंडवर आहे. बारा मे नुकतीच होऊन गेली होती, त्यामुळे झेंडूच्या माळा सुकून तेथेच होत्या. मैदानावर मुले खेळत होती. शिल्पाच्या कलागुणांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. मी तेथे गेलो होतो तो शिल्पासाठी नव्हे. ज्याच्या आयुष्यातील मुख्य काम म्हणजे अहवाल लिहिणे हे होते, अशा एका सरकारी नोकराचा पुतळा पाहावयास मी गेलो होतो. आपल्या देशात राजांचे, सेनापतींचे, पुढाऱ्यांचे आणि संतांचे पुतळे उदंड आहेत. अहवाल लिहिणाऱ्याचा पुतळा मात्र मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

आणखी एक कारण होते, आणि ते सांगून टाकणेच बरे. त्या दिवशी माझ्या पिशवीत एक अर्ज होता. माझ्या मागून नोकरीस लागलेल्या एका सहकाऱ्यास माझ्या आधी बढती मिळाली होती. चाकरीत हे नवे नाही, आणि हा मजकूर वाचणाऱ्या मंडळींपैकी अनेकांच्या पेटीत असा एखादा अर्ज पडून असेल. कोणत्या कार्यालयात हे घडले ते सांगण्याचे प्रयोजन नाही. तो अर्ज तीनदा लिहून झाला होता आणि तिन्ही वेळा तो अधिक लांब व अधिक कडू झाला होता. ज्याच्या बाबतीत हेच, पण याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडले, तो माणूस पुढे काय करता झाला, हे मला समजून घ्यावयाचे होते.

प्रमथनाथ बोसांचा जन्म १२ मे १८५५ रोजी बंगालमधील गोबरडांग्याजवळच्या गैपूर या खेड्यात झाला. १८७४ मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते विलायतेस गेले, लंडन विद्यापीठाची विज्ञानाची पदवी घेतली आणि तेथील रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये खाणशास्त्राचा अभ्यास केला. १८८० मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू झाले. हे खाते १८५१ मध्ये स्थापन झालेले. त्याच्या वरिष्ठ श्रेणीत नेमणूक झालेले बोस हे पहिले भारतीय. इतिहासकार आणि काँग्रेसचे अध्यक्ष रमेशचंद्र दत्त हे त्यांचे सासरे. हेच रमेशचंद्र पुढे सयाजीराव महाराजांच्या बडोद्यास दिवाण झाले, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल.

नोकरीचे स्वरूप फिरतीचे. थंडी पडू लागली की तंबू, खुणेचे हातोडे आणि नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन बाहेर पडावयाचे. उन्हाळा तापला की कोलकात्यास परतून पाहिले ते लिहून काढावयाचे. बोसांनी नर्मदेच्या खालच्या खोऱ्यात नेमावरपासून कवांटपर्यंतचा प्रदेश पायाखाली घातला आणि १८८४ मध्ये त्यावरचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यानंतर ते मध्य प्रांतातील रायपूर जिल्ह्यात गेले. त्या जिल्ह्याच्या पश्चिम भागातील लोखंडाच्या धंद्यासंबंधी त्यांचे एक लहानसे टिपण १८८७ मध्ये खात्याच्या नियतकालिकात छापले गेले. छापील पाने अगदी थोडी. कोणत्याही कचेरीत असे टिपण वाचले जाते, त्यावर सही होते आणि ते योग्य त्या कपाटात जाऊन बसते. येथेही तसेच झाले. सतरा-अठरा वर्षे ते तेथेच बसून होते.

आता थोडा वेळ बोसांना सोडून नागपुरास यावयास हवे, कारण या कथेचा दुसरा धागा आपल्याच मुलखातून निघतो. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. पुढे १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्त्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयी लिहिलेला अहवाल त्यांच्या वाचनात आला. लोहारा येथे उत्तम लोहपाषाण आहे आणि वरोऱ्यास कोळसा आहे, असा त्याचा मथितार्थ. येथेच पोलाद करावे हे जमशेटजींच्या मनाने तेव्हापासून घेतले. पण वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला उतरला नाही, आणि खाणींचे सरकारी नियमही इतके जाचक होते की खाजगी माणसाने त्यात पडूच नये. १८९९ मध्ये ते नियम सैल झाले, तेव्हा साठीला पोहोचलेल्या जमशेटजींनी जुने स्वप्न पुन्हा बाहेर काढले. ते अमेरिकेस गेले, तेथील तज्ज्ञ चार्ल्स पेज पेरिन यांची मदत मिळविली, आणि पेरिन यांनी आपले सहकारी सी. एम. वेल्ड यांना हिंदुस्थानात पाठविले.

वेल्ड आणि जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी यांनी चांद्याची जंगले पिंजून काढली. लोहाऱ्याची टेकडी उत्तम होती; पण मोठ्या कारखान्याला जन्मभर पुरेल इतका साठा त्या भागात हाती लागला नाही. प्रयत्न सोडून द्यावयाचे ठरले आणि तसे सरकारला कळविण्यासाठी दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. ज्यांना भेटावयाचे ते अधिकारी जागेवर नव्हते. तेव्हा वेळ घालविण्यासाठी दोराबजी समोरच्या वस्तुसंग्रहालयात शिरले. तेथे मध्य प्रांताचा भूस्तरदर्शक नकाशा टांगलेला होता आणि त्यात आज दुर्ग व बालोद या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या भागावर लोखंडाचा रंग गडद दिलेला होता. ती माहिती प्रमथनाथ बोसांच्या पाहणीतून आलेली होती. साहेब जागेवर नाहीत म्हणून ताटकळत बसण्याचा प्रसंग आपल्यापैकी कोणाला आला नाही? पण त्यातून एखाद्या देशाचा उद्योग उभा राहिल्याचे उदाहरण हे एवढेच असावे.

दोराबजी आणि वेल्ड तेथे गेले. डल्ली-राजहऱ्याच्या टेकड्यांवर चढताना पायाखाली धातू वाजल्यासारखा नाद येत होता, असे सांगतात. पाषाण हवा तसा होता. परंतु पाषाणाला कोळसा हवा, पाणी हवे, आणि दोन्हींपर्यंत पोहोचणारी वाट हवी. ते गणित तेथे जमेना. तो साठा तसाच राहिला आणि स्वातंत्र्यानंतर भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या कामी आला. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. १८८७ च्या त्या टिपणाला खरे उत्तर मिळाले ते असे बहात्तर वर्षांनी.

पण मध्यंतरी बोसांच्या आयुष्यात जे घडावयाचे ते घडून गेले होते. १९०३ मध्ये खात्याच्या संचालकाची जागा रिकामी झाली, तेव्हा बोसांना वगळून ती थॉमस हॉलंड यांना देण्यात आली. हॉलंड सेवेत बोसांपेक्षा दहा वर्षांनी कनिष्ठ होते आणि वयाने तेरा वर्षांनी लहान. येथे न्यायाने एक गोष्ट सांगावयास हवी. हॉलंड काही सामान्य माणूस नव्हता. कोलकात्यास सेंट जॉन्स चर्चच्या आवारात जॉब चार्नॉकची कबर आहे. तिच्या दगडाची पारख करून त्या जातीच्या खडकाला 'चार्नोकाइट' हे नाव देणारा शास्त्रज्ञ तोच. पुढे १९१६ च्या औद्योगिक आयोगाचा अध्यक्षही तोच होता. म्हणजे नालायकाने लायकास मागे टाकले, अशी सोपी गोष्ट ही नव्हे. तेवीस वर्षांच्या सेवेचा माणूस डावलला गेला, कारण त्या जागेवर हिंदी मनुष्य बसलेला राज्यकर्त्यांच्या कल्पनेतच मावत नव्हता. प्रतिस्पर्धी गुणी असला म्हणून अन्यायाचा अन्यायपणा कमी होत नाही. उलट अशा वेळी स्वतःची समजूत घालणे अधिक कठीण जाते. पुढे गेलेला माझा सहकारीही कामात वाईट नाही, हे त्या तीनही अर्जांत मी कोठे लिहिले नव्हते.

बोसांनी मुदतीपूर्वीच निवृत्ती घेतली आणि मयूरभंज संस्थानात भूवैज्ञानिकाची नोकरी पत्करली. साम्राज्याच्या खात्यातून उठून एका संस्थानिकाच्या पदरी जाणे, म्हणजे लौकिक हिशेबाने पायरी उतरणेच होते. तेथे त्यांनी पुन्हा हातोडा हातात घेतला. संस्थानच्या उत्तर भागात गोरुमहिषाणी नावाचा डोंगर आहे. मराठी कानाला त्यात गुरे आणि म्हशी एकदम ऐकू येतात. त्या डोंगरात बोसांना लोहपाषाणाचा समृद्ध साठा आढळला. आणि २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी जमशेटजी टाटांना एक पत्र लिहिले. मयूरभंजात असे उत्तम लोखंड आहे आणि झरियाचा कोळसा तेथून आवाक्यात आहे, हे त्या पत्राचे सार होय.

हे पत्र लिहिणे त्यांना बंधनकारक नव्हते. जे काम आपण तेवीस वर्षे केले आणि ज्याची किंमत झाली नाही, तेच काम पुन्हा करून, जो माणूस त्याचा उपयोग करू शकेल त्याला शोधून काढून कळवावयाचे, हे मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठे कृत्य वाटते. अहवाल वरिष्ठांकडे पाठविला की लिहिणाऱ्याचे कर्तव्य संपले, अशी आपली समजूत असते. बोसांनी ती मानली नाही.

जमशेटजी त्यानंतर तीन महिनेही जगले नाहीत. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे देहावसान झाले. पण दोराबजींनी काम सोडले नाही. डल्ली-राजहऱ्याचे गणित जमले नाही तेव्हा मंडळी मयूरभंजकडे वळली. महाराज श्रीरामचंद्र भंजदेव यांनी साहाय्य केले. २६ ऑगस्ट १९०७ रोजी कंपनीची नोंदणी झाली. सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्यांच्या संगमाजवळचे साकची हे खेडे कारखान्यासाठी निवडण्यात आले. एका बाजूला गोरुमहिषाणीचा डोंगर, दुसऱ्या बाजूला झरियाचा कोळसा, मध्ये पाणी, आणि जवळच कालीमाटी हे रेल्वेचे स्थानक. पत्रातला हिशेब जमिनीवर उतरला तो असा. २ डिसेंबर १९११ रोजी भट्टीतून पहिले लोखंड वाहिले आणि १६ फेब्रुवारी १९१२ रोजी पोलादाचा पहिला ठोकळा बाहेर पडला. १९१९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांनी साकचीस जमशेदपूर हे नाव दिले आणि कालीमाटीचे टाटानगर झाले. बोस त्यानंतरही पंधरा वर्षे होते. दरम्यान १९०६ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूटचे ते पहिले प्राचार्य झाले. याच संस्थेतून पुढे जादवपूर विद्यापीठ वाढले. २७ एप्रिल १९३४ रोजी ते वारले.

येथपर्यंतची हकीकत मी यजमानांना पुतळ्यासमोरच सांगितली. ऐकून घेऊन ते म्हणाले, "सारे खरे. पण बोसांना तो डोंगर दाखविला कोणी?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. त्या रात्री मात्र मी पुष्कळ वेळ त्याचाच विचार करीत होतो. १८८७ च्या टिपणाचा विषय आठवून पाहा. तो केवळ लोखंडाच्या साठ्याचा नव्हता, लोखंडाच्या धंद्याचा होता. म्हणजे बोस तेथे जाण्यापूर्वी त्या टेकड्यांतून लोखंड काढणारी, गाळणारी आणि विकणारी माणसे तेथे होती. मध्य प्रांतात अगरिया नावाची जमातच पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आली. मातीची छातीएवढी भट्टी, तिच्यात कोळसा आणि दगडांचा चुरा यांचे आलटून पालटून थर, आणि पायांनी चालविण्याचा चामड्याचा भाता. काही तासांनी भट्टी फोडली म्हणजे आतून सच्छिद्र लाल गोळा निघावयाचा. तो तापलेला असतानाच घणांनी ठोकून त्यातील मळी बाहेर काढावयाची. मळीचे काळे ढीग भट्टीजवळ साठत. भूवैज्ञानिक रानात हिंडताना आधी हे ढीग शोधतात, कारण जेथे मळी तेथे जवळपास पाषाण असावयाचाच. खाण तशी माती, ही आपली म्हण त्या अर्थाने अक्षरशः खरी.

आपल्या चांद्याच्या बाबतीत तर पुरावा गावाच्या नावातच आहे. जर्मन तज्ज्ञाने लोहारा येथे लोखंड असल्याचा अहवाल दिला! त्या गावाचे नाव काय उगीच लोहारा पडले होते? ज्यांनी ते नाव पाडले त्यांना ते लोखंड अहवालाच्या कितीतरी आधी माहीत होते. फक्त त्यांना अहवाल लिहिता येत नव्हता, आणि लिहिता आला असता तरी तो कोणी वाचला नसता. कारखान्यांचे स्वस्त लोखंड बाजारात आले तशा त्यांच्या भट्ट्या विझत गेल्या. ज्या ज्ञानाच्या मागावर नव्या भट्ट्या उभ्या राहिल्या, ते ज्ञान असणारांनाच त्यात जागा उरली नाही. गोरुमहिषाणीच्या पायथ्याशी संथाळ आणि हो लोक राहात होते. खाण सुरू झाली तेव्हा त्यांच्या हाती पहार आली आणि डोक्यावर पाटी आली. त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. त्याच मयूरभंज जिल्ह्यातील एक संथाळ कन्या, द्रौपदी मुर्मू, २०२२ मध्ये राष्ट्रपतिपदी निवडून आली. त्या डोंगराखालच्या माणसांचे नाव देशाच्या पहिल्या पानावर येण्यास एवढा काळ जावा लागला.

बोसांचे श्रेय यामुळे उणे होते असे मला म्हणावयाचे नाही. अगरियाला टेकडी ठाऊक होती. ती किती मोठी आहे, पाषाणात लोखंडाचे प्रमाण किती, कोळसा कोठून येईल आणि हे कोणाला कळविले पाहिजे, हे बोसांना ठाऊक होते. या दोन्ही प्रकारच्या ज्ञानांचे लग्न लागले तेव्हाच पोलाद झाले. पण अहवालाच्या खाली सही एकाचीच असते. आपण मराठी माणसे दप्तराची माणसे. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड रियासतकारांनी छापून काढले याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो रास्तच आहे. तथापि लेखी असेल तेच खरे, या आपल्या श्रद्धेची दुसरी बाजू अशी की जे लेखी नाही ते झालेच नाही, असे आपण सहज धरून चालतो. बोसांवर वरिष्ठांनी जो अन्याय केला, तसाच, पण मुकाट्याने होणारा, एक अन्याय प्रत्येक अहवाल लिहिणारा आपल्या खालच्यांवर करीत असतो. त्यात द्वेष नसतो, हेतूही नसतो. अहवालाच्या नमुन्यात त्यासाठी रकानाच नसतो इतकेच.

सोमवारी कचेरीत गेलो. आमच्या खात्याच्या तेथील कार्यालयातील जुन्या नोंदवह्यांची तपासणी करणे हे माझे काम होते. त्यांतील एक महत्त्वाची वही कित्येक वर्षे गहाळ म्हणून दाखविली जात होती. ती मला शनिवारी मिळाली होती, आणि तसे मी अहवालाच्या कच्च्या मसुद्यात लिहूनही ठेवले होते: 'तपासणीत सदर नोंदवही आढळून आली.' सोमवारी हे वाक्य पुन्हा वाचताना मी थबकलो. वही काही आपण होऊन आढळली नव्हती, आणि मला तर मुळीच आढळली नव्हती. निवृत्तीला आलेल्या एका दप्तरीने शनिवारी दुपारी मोडक्या कपाटामागचे गठ्ठे एकेक करून उपसले होते आणि धुळीने माखलेल्या हातांनी ती वही माझ्या टेबलावर आणून ठेवली होती. कपाट भिंतीपासून सरकविल्याचे वर्ष केवळ त्याला आठवत होते. मी ते वाक्य खोडले आणि त्याच्या नावानिशी दुसरे लिहिले.

अहवाल वर गेला आहे. तो कोणी वाचील की नाही कोण जाणे. कदाचित वरचा कोणी अनावश्यक तपशील म्हणून ते नाव काढूनही टाकील. त्या गृहस्थांना विचारल्यावाचून ते येथे छापणे मला योग्य वाटले नाही, पण अहवालात ते आहे.

राहिला माझा अर्ज. तोही मी दिला. जे आपल्याला अन्यायाचे वाटते ते योग्य ठिकाणी, योग्य शब्दांत सांगावे. गिळून बसण्यात मोठेपणा नाही, आणि बोसही काही गिळून बसले नव्हते. मात्र तीन पानांचा अर्ज कापून एक पान केला. सहकाऱ्याविषयी जे लिहिले होते ते सगळे वगळले, आणि फक्त माझ्या सेवेच्या तारखा ठेवल्या.

टाटानगरहून हावड्याला येणाऱ्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली होती. रुळांच्या कडेला एका मालगाडीत तांबडा लोहपाषाण भरून उभा होता. बराच वेळ ती गाडी संपत नव्हती.